ट्वायलाचं राखलेलं कुरण

ट्वायला गायींवर कधी चिडत नसे. गायी गायींसारख्याच वागणार, त्यांच्यावर चिडून काय उपयोग, असं ती म्हणायची. पण त्या जानेवारीत तिचं हे शहाणपण पार संपलं. सकाळी शाळेची बस फिरवून ती घरी यायची आणि बघते तर काय, चाळीस काळ्या गायी फाटकाला छाती टेकवून उभ्या. मागं गुडघाभर गवत, अजून निम्मं हिरवं, आणि या सगळ्या भवान्या चर्चच्या जेवणाला रांग लावल्यासारख्या फाटकापाशी चिखल तुडवताहेत.

"काय ठेवलंय इथं? काय हवंय?" ती बसमधून उतरता उतरताच ओरडायची. "तिकडं बघा की! उन्हाळ्यापासून राखलंय ते तुमच्यासाठी!"

गायी तिच्याकडे बघत राहायच्या. एखादी हंबरायची. मग ती गमबूट चढवून, हातातली काठी आपटत, शिव्या देत त्यांना गवताकडे हाकलत न्यायची. शिव्या अर्थात चर्चमध्ये चालतील अशाच. ट्वायलाच्या आईनं तिला तशीच वाढवली होती.

आमच्या मिसुरीच्या या टेकड्यांत हिवाळा म्हणजे वाळल्या गवताचे गोल भारे. उन्हाळाभर कापायचं, बांधायचं, रचायचं, आणि नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत ट्रॅक्टरवर घालून गायींपुढं नेऊन टाकायचं. ट्वायलाचा बाप व्हर्लिन, त्यानं पन्नास हिवाळे हेच केलं. आता त्याला शहात्तरावं लागलं होतं, दोन्ही गुडघे गेले होते, ट्रॅक्टरवर चढताना तो देवाचं नाव ज्या सुरात घ्यायचा तो सूर प्रार्थनेचा नव्हता.

ट्वायला त्याची एकुलती एक. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी इथून पळाली. स्प्रिंगफील्डला खिडक्यांच्या कारखान्यात वीस वर्षं काचा बसवल्या, एका ट्रकवाल्याशी संसार केला, तो संसार मोडला, आणि आई आजारी पडली तेव्हा दोन सुटकेस घेऊन परत आली. आई गेली, ट्वायला राहिली. सकाळ-संध्याकाळ शाळेची बस, मधल्या वेळात गायी. लोकांना वाटायचं, बिचारी बापासाठी अडकली. तसं काही नव्हतं. पन्नाशीला टेकल्यावर तिला आयुष्यात पहिल्यांदा एखादं काम मनापासून आवडलं होतं, आणि ते काम म्हणजे या चाळीस गायी. हे मात्र ती कुणाला सांगायला गेली नाही. तीच तिची चूक म्हणायची तर म्हणा.

ऑगस्टमध्ये व्हर्लिन म्हणाला, "या वर्षी कळप विकून टाकू. भारे ओढायला माझ्यात दम नाही."

"भारे ओढायचेच नाहीत," ट्वायला म्हणाली. "दक्षिणेकडची तिन्ही रानं आतापासून बंद करते. एक गाय आत जायची नाही. पावसाळी हवेत फेस्क्यूचं गवत वाढेल तेवढं वाढू दे. थंडीत गायी आपल्या पायांनी जाऊन उभं गवत खातील."

"बर्फात?"

"बर्फ उकरून खातात त्या. त्यांना तोंड दिलंय देवानं."

"आणि मार्चमध्ये व्यायच्या वेळी हाडांचे सापळे झालेले असतील, मग?"

"मग विका. पण अंगानं भरलेल्या राहिल्या, तर कळप राहील आणि मी सांभाळीन. माझ्या पद्धतीनं."

व्हर्लिननं दाढी खाजवली. मग म्हणाला, "ठीक आहे. मार्चपर्यंत बघू तुझं गवत."

झालं. ट्वायला कामाला लागली. विजेचा झटका देणारी बारीक तार विकत आणली, ती रिळावर गुंडाळून घेतली की एक माणूस सहज इकडून तिकडं नेऊ शकतो. तारेनं रान आडवं कापायचं, गायींना एक पट्टी खाऊ द्यायची, मग तार पुढं सरकवायची. सगळं रान एकदम उघडं केलं तर गायी निम्मं खातात आणि निम्म्यावर झोपतात. नाताळपर्यंत दृष्ट लागावी असं चाललं होतं. पशुखाद्याच्या दुकानात बसणारी टोळकी तिला चिडवायची, "काय ट्वायला, तुझ्या गायी सॅलडवर आहेत म्हणे?"

"हो," ती म्हणायची. "तुम्ही पण राहा थोडे दिवस. पट्टा दिसेल तरी पोटाखालून."

आता, नुसत्या गवतावर सबंध हिवाळा निघत नाही, हे तिलाही ठाऊक होतं. नव्या वर्षानंतर गवताचा कस उतरतो, आणि नेमकं तेव्हाच गाभण गायीच्या पोटातलं वासरू मागायला लागतं. म्हणून जोडीला खुराक. सरकीच्या पेंडीच्या बोटभर कांड्या, आठवड्यातून तीनदा, त्याही दुपारनंतर, सकाळचं चरून पोट भरल्यावर. दुसऱ्या वेताच्या तरण्या गायींना वेगळं काढून जरा जास्त. खुराक हा गवताला जोड म्हणून द्यायचा, गवताच्या जागी नव्हे. एवढं साधं गणित होतं.

आणि तेच गणित जानेवारीत चुकायला लागलं.

गायी सकाळी फाटकावर. चरायच्या वेळी चरत नाहीत. तिनं खुराक टाकायची जागा बदलली, फाटकापासून पार लांब, ओढ्याकडच्या टोकाला नेली. तरी सकाळी फाटकावर. वेळ आणखी उशिराची केली. तरी फाटकावर. बरं, सगळ्या सारख्या वाळल्या असत्या तर समजलं असतं. बर्नाडीन नावाची दांडगट म्हातारी गाय होती, ती पिंपासारखी फुगलेली, आणि चौदा नंबरची बुजरी तरणी गाय, दुसऱ्यांदा गाभण, तिच्या बरगड्या रस्त्यावरून मोजता येतील अशा. एकाच गवतावर एक फुगते आणि एक वाळते, हे काय गौडबंगाल?

ट्वायलानं गवत मुठीनं कापून तपासायला पाठवलं. उत्तर आलं, गवत उत्तम आहे. तिला ते उत्तर वाचून आनंद व्हायच्या ऐवजी रडू आलं. गवत उत्तम, खुराक बरोबर, मग चुकतंय कोण? मीच. दुसरं कोण उरलं? तिनं कांड्या वाढवल्या. मग दुसऱ्या दिवशी शेणाचे पो उलटेपालटे करून बघितले, त्यावरून काही कळतंय का म्हणून, आणि काहीच न कळल्यानं त्या पोला लाथ मारली. तो गोठलेला होता. अंगठा काळानिळा झाला.

"लंगडतेस का?" व्हर्लिननं जेवताना विचारलं.

"काही नाही."

"गायी बारीक दिसतात," तो म्हणाला, आणि मक्याच्या पावाला लोणी लावत राहिला. त्याच्या आवाजात खोचकपणा नव्हता. खरं तर काळजीच होती. पण ट्वायलानं ताट बाजूला सारलं. मार्च महिना भिंतीवरच्या कॅलेंडरातून तिच्याकडे बघत होता.

जानेवारीच्या अखेरीला एका रात्री गोठणारा पाऊस पडला आणि सकाळी सगळ्या रस्त्यांची काच झाली. शाळा बंद. बस नाही. कित्येक दिवसांनी ट्वायला उजाडल्यावर स्वतःच्या स्वयंपाकघरात उभी राहून कपात कॉफी ओतत होती, आणि तेवढ्यात तिला हॉर्न ऐकू आला. दोन लांब, एक आखूड. पाठोपाठ चाळीस गायींचं हंबरणं.

तिनं कप तसाच ठेवला. अंगावर कोट, पायात बूट, खाली रात्रीचा पायजमा, अशी ती घसरत, कुंपणाला धरत फाटकापर्यंत गेली.

व्हर्लिनची जुनी पिकअप फाटकाला लागून उभी. काच खाली केलेली. मांडीवर कॉफीचा रिकामा डबा, डब्यात कांड्या, आणि म्हातारा एकेक कांडी खिडकीतून भरवतोय. "घे गं बर्नाडीन. बास, बास, तुझं झालं. मागं हो. अगं, त्या बारकीला येऊ दे की! चौदा नंबर, ये बाळा, ये."

बारकीला कोण येऊ देतंय! बर्नाडीननं तिला अशी ढुशी दिली की ती कोलमडत मागं गेली.

"डॅडी!"

व्हर्लिननं डबा दोन पायांत लपवला. शहात्तर वर्षांचा माणूस, शपथ घेऊन सांगते, बिस्किटं चोरताना पकडलेल्या पोरासारखा.

"तू बसवर नाहीस?"

"शाळा बंद आहे. काय चाललंय हे?"

"कुठं काय? जरा बघायला आलो होतो."

"हॉर्न वाजवून?"

"गुड मॉर्निंग म्हणालो त्यांना."

"रोज म्हणता का?"

त्यानं खिडकीची काच वर करायला घेतली.

"डॅडी, रोज म्हणता का?"

"तू गेल्यावर," तो पुटपुटला. "अगं मूठभर तर देतो. बारीक दिसतात म्हणून देतो."

"तुम्ही देता म्हणून बारीक दिसतात!" ट्वायलाचा आवाज असा फुटला की पुढच्या दोन गायी दचकल्या. "चाळीस गायींना एक डबा! अर्धा ही जाडी खाते, बाकीच्या नुसता वास घेतात आणि त्या वासावर दुपारपर्यंत इथं उभ्या राहतात. चरायचं कधी त्यांनी? आणि मी मूर्ख, मी रात्र रात्र जागतेय, गवतात काय कमी आहे म्हणून! गवत तपासायला पाठवलं मी! शेण उकरत बसले!"

"आवाज चढवू नकोस. पन्नास हिवाळे गायी पाळल्यात मी."

"भारे टाकून पाळल्यात! हॉर्न वाजवला की भारा, हॉर्न वाजवला की भारा. त्यांना वाटतं हॉर्न म्हणजे जेवण. हॉर्नची वाट बघत उपाशी मरतील त्या, पण मान खाली घालून पायाखालचं खाणार नाहीत!"

"माझ्या गायी आहेत, पोरी," तो म्हणाला. "मला वाटलं तर मी त्यांना केक खायला देईन."

ट्वायलानं पिकअपचं बॉनेट उघडलं, हॉर्नच्या तारा शोधल्या आणि उपटल्या. मग खाद्याच्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यात अडकवली. हे सगळं पायजम्यात.

त्यानंतर दोघांचं बोलणं बंद. व्हर्लिन कुत्र्याशी बोलायचा. "रस्टी, मीठ इकडं सरकव म्हणावं तिला." ट्वायला मीठ सरकवायची, तीही कुत्र्याकडे बघत. "रस्टी, उद्या थंडीची लाट येणार आहे म्हणतात, त्यांना सांग गरम मोजे घालायला." हसू नका. एका घरात दोन हट्टी माणसं राहतात तेव्हा कुत्र्याला फार काम पडतं.

पण गायी! आधी काही दिवस त्या फाटकावर आल्या, हंबरल्या, रुसल्या. मग एक दिवस ट्वायला बस लावून वळली तर फाटकावर कुणीच नाही. सगळ्या पार ओढ्यापलीकडच्या पट्टीत, माना खाली, करकर आवाज करत गवत ओढताहेत. ती तिथंच रस्त्यात उभी राहून रडली. या खेपेला सुखानं. मग तिनं खुराक पुन्हा पहिल्यासारखा कमी केला, दुपारनंतरचा, आणि तरण्या गायींना तारेनं वेगळं काढून त्यांचं त्यांना दिलं, जाडीला तिकडं फिरकू न देता. फेब्रुवारी सरता सरता चौदा नंबरच्या बरगड्या दिसेनाशा झाल्या. कातडीला तकाकी आली. गायी अशा भरल्या की नजर लागू नये म्हणून ट्वायला त्यांच्याकडे फार वेळ बघायची नाही. आणि तिनं तार इतकी जपून सरकवली होती की तिसऱ्या रानातला शेवटचा मोठा तुकडा अजून तसाच उभा होता. एप्रिलचं नवं गवत येईपर्यंत पुरेल एवढा.

कळप राहणार होता. मार्च उजाडला होता आणि कळप राहणार होता. कुत्र्यालाही तिनं हे सांगितलं नाही, पण व्हर्लिनला दिसत असणारच. डोळे चांगले होते त्याचे.

मार्चच्या पहिल्या शनिवारी ओढ्यापलीकडचा गार्लंड आला. साठीचा, सरळ माणूस, तोंडात कायम दात कोरायची काडी. तारेवर कोपर ठेवणार होता, झटक्याची आहे हे आठवून थांबला.

"मानलं बुवा तुला, ट्वायला," तो म्हणाला. "जानेवारीत रस्त्यावरून जाताना बघितल्या तेव्हा माझा जीव खाली-वर झाला होता. म्हटलं, व्हर्लिन म्हणाला होता अंगानं भरलेल्या देईन, आणि हे काय? पण आता बघ. लोण्यासारख्या झाल्यात. गुरुवारी सकाळी ट्रेलर घेऊन येतो."

"कसला ट्रेलर?"

गार्लंडच्या तोंडातली काडी हलायची थांबली. त्यानं टोपी काढली, परत घातली. "त्यानं सांगितलं नाही तुला?" तो म्हणाला. "नोव्हेंबरात हात मिळवला होता आम्ही. सगळा कळप. मार्चमध्ये चांगल्या असल्या तर."

व्हर्लिन गोठ्यात ट्रॅक्टरला ग्रीस देत होता. ट्वायला दारात उभी राहिली. महिनाभरानंतर ती त्याच्याशी सरळ बोलली.

"गार्लंडला कळप विकलात?"

ग्रीसची पिचकारी त्याच्या हातात तशीच राहिली.

"नोव्हेंबरात," तो म्हणाला.

"ऑगस्टात माझ्याशी काय ठरलं होतं?"

"मला वाटलं, तुझं जमणार नाही," म्हातारा म्हणाला. खोटं बोलला नाही, तेवढं त्याचं. "मला वाटलं, सापळे झाल्यावर बाजारात नेऊन पाडून विकायच्या, त्यापेक्षा गार्लंड चांगला. चांगलं गवत आहे त्याच्याकडे. म्हटलं, तुझं हसं व्हायला नको. म्हणून तर जानेवारीत रोज... शब्द दिला होता त्याला, अंगानं चांगल्या असतील म्हणून. त्या बारीक दिसायला लागल्या, मी घाबरलो."

म्हणजे हे होतं. कॉफीचा डबा, हॉर्न, बाळा ये, सगळं. ट्वायलाला वाटलं होतं म्हाताऱ्याला गायींशिवाय करमत नाही. गेला महिनाभर मनातल्या मनात ती त्याला माफ करत आली होती.

"आणि फेब्रुवारीत? फेब्रुवारीत भरायला लागल्या तेव्हा तरी सांगायचं होतंत!"

"तू बोलत कुठं होतीस माझ्याशी?"

"तुम्ही बोलत नव्हतात!"

दोघंही धापा टाकत होते. मग ट्वायला हळू म्हणाली, "गार्लंडला दिलेला शब्द. आणि मला दिलेला?"

"तुझ्याशी मी हात कुठं मिळवला होता, पोरी?"

आमच्याकडे हात मिळवला की झालं, मग कागद लागत नाही आणि मागंही फिरता येत नाही. पण स्वतःच्या बापाशी कोण हात मिळवतं? ज्या माणसानं आपल्याला खांद्यावरून जत्रेत नेलं त्याच्यापुढं पंजा करून उभं राहायचं? कुणी राहत नाही. ट्वायलाही राहिली नव्हती. ती तशीच वळून घरात गेली.

गार्लंड संध्याकाळी फोन करून म्हणाला, "हे बघ ट्वायला, तू म्हणत असशील तर..." त्यापुढं तो बोलला नाही आणि तिनंही बोलू दिलं नाही. ती हो म्हणाली असती तर त्यानं सोडलं असतं. आणि दुसऱ्या दिवसापासून खाद्याच्या दुकानात म्हाताऱ्याला कुणी शेजारी बसू दिलं नसतं. बापाचं नाक कापून कळप राखायचा, एवढी ती निबर झाली नव्हती. याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला.

गुरुवारी सकाळी ती बस फिरवून आली तेव्हा ट्रेलर लागला होता. व्हर्लिन गार्लंडनं आणलेलं कांड्यांचं अख्खं पोतं घेऊन गायींना हाका मारत होता. गायी लांब, तारेच्या आतल्या पट्टीत, माना खाली. एकीनंही वर बघितलं नाही. घसा बसेपर्यंत ओरडून म्हातारा लंगडत तिच्याकडे आला.

"येत नाहीत," तो म्हणाला. "तेवढ्या जरा आणून दे."

ट्वायलानं त्याच्याकडे बघितलं. मग ती गेली. रीळ हातात घेऊन तिनं गोठ्याच्या बाजूची तार गुंडाळायला सुरुवात केली, नवी पट्टी उघडताना रोज करायची तशीच, आणि रिळाच्या करकर आवाजाला चाळीस गायी माना वर करून तिच्यामागं निघाल्या. न हाकलता, न ओरडता. ती पुढं, त्या मागं. चौदा नंबर तिच्या कोपराला नाक लावून चालत होती, पुढं ताजं गवत आहे अशी खात्री असल्यासारखी. ट्वायला त्यांना घेऊन गुरांच्या वाड्यात शिरली, वाड्यातून ट्रेलरपर्यंत गेली आणि बाजूला झाली. गार्लंडनं खाली बघतच दार लावलं. दोन खेपा झाल्या.

दुसऱ्या खेपेचा आवाज रस्त्यावर विरला तेव्हा व्हर्लिन फाटकाला धरून उभा होता. समोर तिसऱ्या रानातला तो शेवटचा तुकडा, गुडघाभर, वाऱ्यावर हलत.

"पोरी," तो चाचरत म्हणाला, "त्या उरलेल्या गवताचं काय करायचं?"

ट्वायलानं गळ्यातली किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली.

"तुम्ही खा," ती म्हणाली, आणि दुपारच्या फेरीची बस काढायला गेली.